शनिवारचे निळे तुरे

माघातली सकाळ बुलढाण्यात कोवळी म्हणून येते आणि घटकाभरात दात दाखवू लागते. त्या उन्हात, ओल्या मातीचा आणि शेजारच्या चुलीच्या धुराचा वास नाकात भरत असताना, मी यांची खाट खिडकीशी ओढून घ्यायची. पक्षाघाताने यांची वाचा नेली, उजवं अंग नेलं. डोळे तेवढे ठेवले. ते उपकार म्हणून की छळ म्हणून, मला अजून कळलेलं नाही.

खिडकीबाहेर भिंतीलगत भरउन्हातला लांब वाफा आहे, वर्षानुवर्षं टिकणाऱ्या फुलझाडांचा, यांनीच लावलेला. आजाराआधीच्या पावसाळ्यात भाचीने पहाडातून आणलेलं व्हेरोनिकाचं बी यांनी त्यात पेरलं आणि ते निळ्या तुऱ्यांनी भरलेलं पाहायचंच, असा हट्ट धरला. पुढे चैत्र-वैशाखात मी त्या रोपांवर हिरवी जाळी बांधली, भांडी विसळलेलं पाणीसुद्धा त्यांच्या मुळाशी नेलं, वाळक्या काड्यांशी भांडले. माणूस जगवणं माझ्या हाती नव्हतं, झाड होतं.

या माघात तुरे आले. खालून वर उमलत जाणारे, शाईत बोट बुडवून काढावं तसे निळे. एका शुक्रवारी हे दुपारपर्यंत नजर हलवीनात. डाव्या हाताने त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं, आणि मी स्वयंपाक तसाच टाकून बसून राहिले.

शनिवारी उजाडलं तेव्हा वाफ्यात नुसती पानं उरली होती. यांनी आधी वाफ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती नजर कुणाला सांगू? देवाच्या नावाने दुसऱ्याच्या अंगणातलं फूल खुडलं तर आमच्या गल्लीत त्याला चोरी म्हणत नाहीत. शनीला निळं फूल लागतं, आणि पोराच्या साडेसातीसाठी दर शनिवारी परडी घेऊन निघतात त्या शेजारच्या सुमनवहिनी. त्यांच्या स्वतःच्या कुंपणावर मेला गोकर्णीचा वेल निळ्या फुलांनी ओसंडून वाहत होता!

मी गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. त्यांची परडी, त्यांचा पोरगा, त्यांचा देव, कुणाला म्हणून सोडलं नाही. वहिनींनी रिकामी परडी खाली ठेवली.

"पोरासाठी नाही तोडले, ताई. भाऊजींसाठी वाह्यले. गोकर्ण तं कोणीबी वाह्यते. तुमच्या एवढ्या जिवाचं फूल वाह्यलं तं देव लवकर ऐकीन, असं वाटलं मले."

देवाने लवकरच ऐकलं. पुढचा शनिवार उजाडायच्या आत हे गेले.

खुडलेली व्हेरोनिका दुप्पट जोमाने फुलते, हे मला कुठे माहीत होतं? तेरवी उरकली, पाहुणे पांगले, आणि फाल्गुनाच्या उन्हात तो अख्खा वाफा निळा होऊन उभा राहिला. निर्लज्जासारखा, रिकाम्या खिडकीसमोर. मला त्याचा संताप आला, आणि तरी मी त्याला पाणी घालत राहिले.

परवा शनिवारी वहिनी फाटकावरून चालल्या होत्या, परडीत गोकर्ण. मी हाक मारली, कात्री पुढे केली, म्हटलं, न्या, सगळे न्या. त्यांनी परडी मागे घेतली.

"आता कोणासाठी वाहू, ताई?"

ऊन तापायला लागलं होतं. मी बादली उचलली आणि सवयीने, खिडकीतून पाहणाऱ्याच्या आड येणार नाही अशा बेताने, वाफ्याशी जाऊन उभी राहिले.