आबांचं नाव त्यात नको

असले अर्ज वाचताना मला काही वाटत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. फौजेच्या कायदे विभागात होते तेव्हा अशा अर्जांवर अभिप्राय लिहिणं हेच माझं काम होतं. कुणाला शिस्तभंगावरून घरी पाठवलेलं असायचं, कुणाच्या डिस्चार्ज बुकात वाईट शेरा असायचा, आणि तो बदलून मिळावा म्हणून अर्ज यायचा. सुरुवातीला एखादा अर्ज वाचला की घास उतरायचा नाही. नंतर मी डबा खाता खाताच वाचायला लागले.

आता दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत कम्प्लायन्स बघते, नियम पाळले जातात की नाही ते. म्हणजे तेच काम, वर्दी नाही एवढंच. राहायला अल कुसैसला. आमच्या बिल्डिंगमधल्या मराठी लोकांना ‘मॅडम फौजेत होत्या’ एवढं कळलं आणि माझ्या रविवारचं वाटोळं झालं. घरमालकाशी भांडण झालं, पासपोर्टात नाव चुकलं, यल्ला, चला मॅडमकडे!

हा माणूसही असाच कुणाच्या तरी ओळखीनं आला. चाळिशी ओलांडलेला, साताऱ्याकडचा, हमरिया फ्री झोनमध्ये वेल्डर. इस्त्रीचा शर्ट, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. दारातून आत आला आणि सोफ्यापाशी ताठ उभा राहिला. माझी मुलगी मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाली, “आई, व्हाय इज ही स्टँडिंग लाइक दॅट?”

“तू आत जा बघू,” मी म्हटलं. “आणि तुम्ही बसा हो, ही काय परेड आहे?”

बसला. अगदी कडेवर.

गोष्ट साधी होती. गावाकडे असताना तो प्रादेशिक सेनेत होता. आपला नोकरीधंदा सांभाळायचा आणि वर्षातले काही आठवडे कॅम्पला जाऊन वर्दी चढवायची, गरज पडली तर बोलावतील तेव्हा हजर व्हायचं, अशी ही सेना. मग गल्फचा व्हिसा आला. हा इकडे आला आणि कॅम्प चुकला. पुढच्या वर्षी पुन्हा चुकला. कंपनी सोडेना. शेवटी युनिटनं नाव कमी केलं. कारण लिहिलं ‘विनापरवानगी गैरहजर’, आणि कॅरॅक्टरच्या रकान्यात ‘फेअर’. बाहेरच्या माणसाला वाटेल, बरं आहे की! फौजेत त्याचा अर्थ गावानं तोंड फिरवावं असा होतो.

आणि गावानं फिरवलंच होतं. त्याच्या गावात घरटी एक फौजी. सव्वीस जानेवारीला ध्वजवंदनाला सगळे माजी सैनिक टोप्या घालून, पदकं लावून रांगेत उभे राहतात. त्याचे वडील, आबा, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, त्या रांगेत पहिले. हा सुट्टीवर गेला की शाळेच्या कुंपणाबाहेर उभा राहायचा. आबा त्याच्याशी थेट बोलत नाहीत. फोनवर आईला सांगतात, आई याला सांगते.

“आता आबांचं काय खरं न्हाई, मॅडम,” तो म्हणाला. “पोटात गाठ निघालीया. त्यांनी एकदा मला रांगेत बघावं. बाकी मला कायबी नको.”

मला काही वाटलं नाही. मी कागद पुढे ओढले.

त्यानं लिहून आणलेला अर्ज म्हणजे नुसती गयावया. दया, कृपा, लहान मुलं. असले अर्ज मी कसे बाजूला सारत असे ते मला चांगलं आठवत होतं. मी विचारलं, “परवानगी का नाही मागितलीत? निघण्याआधी साधा एक अर्ज द्यायचा होता.”

“दिलाता.”

“कुणाकडे?”

तो पेढ्यांच्या पुड्याची दोरी सोडायला लागला.

“अहो, कुणाकडे?”

“आबांकडं. पोस्टानं टाकत हुतो, तर आबा म्हणाले, पोस्टानं काय टाकतोस, साहेब माझ्या वळखीचं हाईत, मी हातात देतो.”

“मग दिला नाही त्यांनी?”

“इच्यारलं न्हाई.”

“इतक्या वर्षांत एकदाही नाही?”

“सुभेदाराला इच्यारायचं व्हय, दिला का म्हणून?” तो असा बघायला लागला की मूर्ख मीच. “वडील हाईत, मॅडम.”

माझं डोकंच फिरलं. अहो, हाच तर मुद्दा! वेळेत अर्ज केला होता, ज्येष्ठ माजी सैनिकानं पोचवायची जबाबदारी घेतली होती, त्यांचं प्रतिज्ञापत्र जोडलं की वर बसलेल्या माणसाला निदान विचार तरी करावा लागतो. मी त्याला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा आवाज चढला.

“त्यात आबांचं नाव नको,” तो म्हणाला. “दुसरा मुद्दा काढा.”

“दुसरा मुद्दा नाहीये!”

“मग बिनमुद्द्याचा लिवा.”

त्याच्या हट्टापुढे मी हात टेकले. बिनमुद्द्याचा अर्ज मला जमेल तेवढा नीट लिहून दिला. लिहिता लिहिताच त्यावर काय उत्तर येणार ते मला पाठ होतं. तो जाताना पुन्हा ताठ उभा राहिला, पाय जुळवले. मी मान हलवली आणि भांडी घासायला गेले.

काही महिन्यांनी उत्तर आलं. त्यानं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला आणि लगेच फोन केला. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं असं नाही, पण माझ्या तोंडून हवं होतं. विनंतीत नवीन काही नसल्यामुळे हस्तक्षेपाचं कारण दिसत नाही. मी स्वतः असली वाक्यं किती लिहिली असतील! वाचून दाखवलं.

“बरं,” तो म्हणाला. पलीकडे ग्राइंडरचा आवाज चालू होता. मग म्हणाला, “मॅडम, एक काम कराल? आबांना फोन करून सांगाल, मंजूर झाला म्हणून? माझ्यावर इश्वास ठेवायचे न्हाईत. तुमी हापिसर.”

मी त्याला झाडायला हवं होतं. तसं काही झालं नाही. मी म्हटलं, “नंबर पाठवा.”

फोन त्याच्या आईनं उचलला, मी कोण ते सांगितलं. “थांबा हं बाई, उठून बसत्यात,” ती म्हणाली. “साहेबांचा फोन झोपून घ्यायचा नसतो म्हणं.” बराच वेळ खाटेची करकर ऐकू येत राहिली. मग एक घोगरा आवाज, “जय हिंद, साहेब.”

“जय हिंद, सुभेदार साहेब. तुमच्या मुलाचा अर्ज मंजूर झाला. शेरा बदलला.” खोटं मी अगदी सरळ आवाजात बोलले.

पलीकडे खाट पुन्हा करकरली.

“कसा झाला, साहेब?” आबा म्हणाले. “त्याचा रजेचा अर्ज तर म्या दिलाच न्हवता. बांधावर उभं राहून फाडला. एकुलतं एक पोरगं. वाटलं, कॅम्पचं बोलावणं गेलं की झक मारत माघारी यील.” दम लागला त्यांना. “ते आलं न्हाई. आन् म्या तोंड उघडलं न्हाई. त्यानं माझं नाव लिवलं का अर्जात?”

“नाही.”

“लिवायला पायजे हुतं.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“साहेब, मंजूर झाला म्हणताय ना तुमी,” ते हळूच म्हणाले, “मग मंजूरच झाला. त्याला सांगा, सव्वीस जानेवारीला ये म्हणावं. माझी टोपी घालून माझ्या शेजारी हुबा राहा. कोण काय म्हणतंय बघतो. आन् फाडल्यालं सांगू नका.”

संध्याकाळी आबांच्या मुलाचा फोन आला. मी निरोप दिला, शब्दाला शब्द, तेवढं फाडल्याचं वगळून.

“माझ्या शेजारी म्हणाले?” त्यानं परत विचारलं. मी परत सांगितलं. मग तो बारीक आवाजात म्हणाला, “रजेच्या अर्जाचं काय बोलले न्हाईत ना?”

“नाही.”

“बरं झालं. आईनं मला कवाच सांगितलंया, त्यांनी फाडला म्हणून. मला ठावं हाय हे त्यांना कळाय नको, मॅडम. लई लाजतील.”

कसली माणसं ही! मी फोन कानाला धरून स्वयंपाकघरात उभी होते. इतक्या वर्षांनी हातातला घास मी परत ताटलीत ठेवला, आणि मला त्याचा रागच आला.

“मॅडम,” तो म्हणाला, “सव्वीस तारखेपातूर टिकतील ना आबा?”

फौजेत असल्या प्रश्नाला मी ‘माहीत नाही’ असं उत्तर दिलं असतं.

“इन्शाल्ला,” मी म्हटलं.