अच्छाडच्या लाइनीतलं तोरण

अच्छाडवाल्या भाऊंना खोटं बोलणं मुळीच जमत नसे. तरी ते वर्षानुवर्षं खोटं बोलले, आणि तेही लोकरीवरून.

डहाणू रोडला माझं लोकर, दोरे, बटणांचं दुकान. भाऊ सरावलीचे, ट्रक चालवायचे. गुजरातच्या हद्दीवर अच्छाडच्या तपासणी नाक्यावर ट्रकांची लाइन लागली म्हणून उशीर झाला, हे त्यांचं नेहमीचं रडगाणं. म्हणून ते अच्छाडवाले. दुकानात शिरताना आधी रस्त्याकडे बघणार, मग हळूच म्हणणार, "मुलीनं मागवलीय." एकदा मात्र फसले. "ही लाल मागच्या लालशी जुळत नाही. आख्खी ओळ उसवायला लागली."

"कुणाला?" मी विचारलं.

भाऊंचे कान लाल झाले. "मुलीला."

पुढे वेवजीला जाताना मी त्यांना नाक्यावरच पकडलं. ट्रक लाइनीत उभा, मांडीवर गमछा, गमछ्याखाली क्रोशाची सुई. बाकीचे ड्रायव्हर सावलीला पत्ते कुटत होते. मला बघून भाऊ चोरी पकडल्यासारखे ओशाळले.

"बायकोचं बघून शिकलो. ती गेली, सुई राहिली. मुलीलापण माहीत नाही. कुणाला बोलू नका ताई, बाप्या माणूस विणतो म्हटल्यावर हसतील." मी कबूल केलं.

भाऊंच्या मुलीच्या लग्नात रुखवतावर त्यांनी विणलेलं तोरण लागलं. पोपटांची रांग, त्यातला शेवटचा मान वळवून मागे बघणारा. विहीणबाई वेवजीच्या, गुजराती वळणाचं बोलणाऱ्या. त्यांनी तोरणावरून हात फिरवला आणि विचारलं, "हे केलं कोणी?" मुलगीही बापाकडे बघायला लागली. भाऊ घुटमळले. आता सांगतील, असं मला खरंच वाटलं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"या ताईंनी. दुकान आहे त्यांचं."

"काय हात आहे तुमचा, बेन," विहीणबाई म्हणाल्या. मी नुसती हसले. दुसरं काय करणार होते?

तेव्हापासून बायका माझ्याकडे तोरणं मागायला लागल्या. भाऊ ती ट्रकमध्ये बसून करायचे आणि कापडी पिशवीतून गुपचूप आणून द्यायचे. कौतुक माझं व्हायचं. मी खाली बघायचे, लोकांना तो विनय वाटायचा. लाज वाटायची मला. आणि ऐकायला बरंही वाटायचं, त्याची तर जास्तच.

भाऊ गेले. यंदा दिवाळीच्या तोंडावर त्यांची मुलगी तोरण घेऊन दुकानात आली. मागे बघणारा पोपट अर्धा उसवला होता.

"ताई, तुम्हीच केलंय, तुम्हीच नीट करून द्या. बाबा सारखं म्हणायचे, ताईंच्या हातचं आहे, जप."

मला लोकर विकता येते, साधी साखळी धड घालता येत नाही. तोरण हातात घेऊन मी उगाच उलटसुलट करत राहिले. शेवटी म्हणाले, "हे तुझ्या बाबांनी केलंय. अच्छाडच्या लाइनीत बसून. सगळी त्यांनीच केली."

मला मान वर करवेना. मग सुटलेला दोरा तिनं बोटाला गुंडाळला आणि तोरण माझ्या हातातून काढून घेतलं.

"राहू दे मग उसवलेलं," ती म्हणाली.