तळाची काडतुसं

माझ्या आईने जेवढे फुगे फुगवले असतील तेवढे कुठल्या जत्रेतल्या फुगेवाल्यानेही फुगवले नसतील. त्यातला एकही तिने आम्हा भावंडांना खेळायला म्हणून फुगवला नाही.

डहाणू रोडला, मसोलीच्या पुढे, तेव्हा फुग्यांचा एक कारखाना होता. आई तिथे तपासणीला होती. आमचा पाडा तलासरीच्या बाजूला. सकाळी भाकर फडक्यात बांधून ती निघायची आणि दिवेलागणीला परत यायची, तेव्हा तिचे ओठ पांढरे असायचे. फुगे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून लावलेली पावडर ती. कितीही धुतलं तरी ओठांच्या भेगांतून जायची नाही.

बाबा दिवाळी झाली की खाडीवर रेतीच्या बोटीवर जात. बुडी मारायची, तळाची रेती बादलीत भरायची, वर यायचं. होळीला घरी परत. एका होळीला ते आले ते कानातून पाणी वाहत, आणि नंतर त्या कानाने त्यांना ऐकू येईना. पुढच्या दिवाळीला मुकादम पाड्यात आला, बाबांशी बोलला आणि शेजारच्या काकांना घेऊन गेला. तेव्हापासून घर आईच्या फुंकरीवर चाललं. पावसाळ्याच्या शेवटी तांदूळ संपत आला की पेज पातळ होत जायची. सोबत कधी सुका कोलीम, ती बारीक कोळंबी, कधी नुसतं मीठ. शाळेच्या गणवेशाचा स्कर्ट मी दोन वर्षं वापरला आणि तिसऱ्या वर्षी तोच धाकटीला दिला. हे सगळं आमच्याकडे घरोघरी होतं, म्हणून त्याचं दुःख मोठं करून सांगत नाही. होतं तसं सांगते.

आईचं काम काय, हे मी एकदा सुट्टीत तिच्याबरोबर जाऊन पाहिलं होतं. प्रत्येक पोत्यातून ती काही फुगे काढायची. एक फुगवून कानाशी धरायची, हवा सुटते का ऐकायला. मग तोच फुटेपर्यंत फुगवायची. कितव्या फुंकरीला फुटला ते बोटांवर मोजायची. मला आश्चर्य वाटलं होतं. चांगला फुगा निघाला की तो फुटलेला, म्हणजे कोणाच्याच कामाचा नाही. मग उपयोग काय? आई म्हणाली होती, "तो गेला, पण पोत्यातल्या बाकीच्यांचं सांगून गेला ना."

पुढे कारखाना बंद पडला आणि आई चिकूच्या वाडीत माल निवडायला जाऊ लागली. मी मात्र शिकत राहिले. पाड्यातली पहिली बारावी मी, पहिली पदवीधरही मीच. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. हे मी मुद्दाम लिहिते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ही कॉलेजात शिकते तरी काय, असं कोणी विचारलं तर बाबा ऐकू येणारा कान पुढे करून प्रश्न परत विचारायला लावायचे आणि मग शांतपणे सांगायचे, "मोजायला शिकते."

पदवी हातात आली, नोकरी आली नाही. वर्षभर शिकवण्या केल्या. मग डहाणूच्या एका झेरॉक्सच्या दुकानात चिकटवलेला कागद वाचला: रायफल नेमबाजीच्या रेंजवर मदतनीस पाहिजे, नोंदी ठेवता आल्या पाहिजेत. पत्ता वाचून हसूच आलं. आईच्याच कारखान्याची शेड. फुग्यांचे साचे सुकवायला बांधलेली ती लांबलचक शेड सैन्यातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांनी भाड्याने घेतली होती. सगळे परवाने काढून तिथे पन्नास मीटरची रेंज केली होती. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "म्हणजे मी फाट् फाट् करत होते तिथंच आता तू करणार."

सुरुवातीला काम साधं होतं. रजिस्टर लिहायचं, निशाणाचे कागद लावायचे. एक दिवस सुभेदारसाहेबांनी कपाटातून एक खोकं काढलं. कोणा हौशी नेमबाजाने भेट दिलेलं, गोळीचा वेग मोजायचं यंत्र. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही फिजिक्सवाल्या ना? मग हे डबडं चालू करा."

मी ते चालू केलं. त्याला दोन डोळे असतात, ठराविक अंतरावर. गोळी पहिल्यावरून गेली की वेळ सुरू, दुसऱ्यावरून गेली की बंद. अंतर भागिले वेळ, म्हणजे वेग. सातवीतलं गणित. अचूकता तपासायची तर माणूस मधून काढून टाकायचा. रायफल शिकंज्यात घट्ट आवळायची आणि एकाच बिंदूवर दहा गोळ्या झाडायच्या. काडतुसं चांगली असतील तर दहाही भोकं शर्टाच्या बटणाखाली झाकतात. नसतील तर पसरतात. एकाच वेळी भरलेल्या काडतुसांना एक नंबर असतो, त्याला लॉट म्हणतात. एका लॉटची भावंडं एकसारखी वागतात, दुसऱ्या लॉटची वेगळी. आणि तपासलेलं काडतूस संपलेलं असतं. हे मला कोणी शिकवावं लागलं नाही.

रेंजवर येणारी बहुतेक मुलं गावातल्या नोकरदारांची होती. ती आपापली काडतुसं आणत. एकच मुलगी वरोरहून यायची, मासेमारी करणाऱ्यांच्या घरातली, बारावीत शिकणारी. रायफल रेंजची, काडतुसं रेंजची, जॅकेटसुद्धा रेंजचं आणि बाह्या दोन बोटं लांब. पण नेम असा, की सुभेदारसाहेब तिच्या पाठीमागे उभे राहून चहा गार करायचे. राज्यस्पर्धेला आमच्या रेंजवरून एकच मुलगी जाणार होती. ती हीच, असं सगळे धरून चालले होते.

निवडीला महिना उरला आणि तिचा नेम बिघडला. भोकं डावी-उजवीकडे जात नव्हती. वर-खाली जात होती. साहेबांनी निदान केलं, श्वास. बंदूक चुकत नाही, माणूस चुकतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग तिने श्वासावर मेहनत घेतली. कोणी सांगितलं चहाने हात हलतो, तिने चहा सोडला. घरी बादलीत तोंड बुडवून ती दम धरायचा सराव करायची. आजीने पाहिलं आणि पोरीला काही लागिर झालं म्हणून दृष्ट काढली. हे ती मला हसत सांगायची, पण पुढच्या दहा गोळ्या पुन्हा वर-खाली. साहेबांनी तिला सांगून टाकलं, येत्या रविवारी शेवटची चाचणी. जमलं नाही तर दुसरीला पाठवीन.

गुरुवारी कागद काढता काढता ती मला हळूच म्हणाली, "ताई, गोळीत तर काही नसेल ना?"

मी साहेबांची परवानगी घेतली. कपाटातली काडतुसांची मोठी पेटी उघडली, वरची डबी घेतली, पेटीवरचा लॉट नंबर उतरवला. रायफल शिकंज्यात. वेग एकमेकांना धरून, दहाही भोकं बटणाखाली. मी स्वच्छ अक्षरात अहवाल लिहिला, शेवटी लिहिलं, "लॉट समाधानकारक," आणि खाली पूर्ण सही केली, पुढे बी.एस्सी. जोडून. माझ्या आयुष्यातला तो पहिला अहवाल.

साहेबांनी तो वाचला आणि मुलीसमोर धरला. "बघ. बंदूक तीच, गोळ्या चांगल्या. आता राहिलं कोण?"

ती जॅकेटच्या बाह्या दुमडत राहिली. संध्याकाळच्या बसला गेली ती माझ्याशी न बोलता. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर अहवालाचा अभिमान त्याहून जास्त होता.

शुक्रवारी मी कागदाची प्रत घरी नेली. आईला वाचता येत नाही, तरी तिने हात पुसून ती हातात घेतली. ती अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. मी सगळी हकीगत सांगितली, मुलीचीही. आईने कागद नीट घडी घालून परत दिला आणि विचारलं,

"कुठून काढलीस?"

"काय कुठून?"

"गोळ्या. वरून का तळातून?"

"वरच्या डबीतून. अगं, सगळ्या एकाच नंबरच्या असतात. पेटीवर छापलेलंच असतं."

आईने सोललेल्या दाण्यांच्या टोपलीत हात घातला. "पोत्यावर पण नंबर असायचा. वरचा थर कोणीबी चांगलाच लावतो. चिकूच्या करंडीत बघ ना. वर हे एवढे, खाली सुपारीएवढे. तळाचं काढल्याबिगर मी कधी पोतं पास केलं नाय." मग जरा थांबून म्हणाली, "आणि ती पोरगी? तिला कुठल्या देतो तुझा साहेब?"

रोज डोळ्यांसमोर ती काडतुसं दिली जात होती आणि मी कधी पाहिलं नव्हतं. कॉलेजात तीन वर्षं आम्हाला शिकवलं होतं, दहा वेळा मोजा, सरासरी काढा. मोजायची वस्तू ढिगातल्या कुठल्या थरातून उचलायची, हे बहुतेक मी गैरहजर असताना शिकवलं असावं.

शनिवारी पहिल्या एसटीने गेले. साहेब रेंज झाडून घेत होते. मी विचारलं, तिला काडतुसं कशी देता? ते म्हणाले, "तळातून. जुना माल आधी संपवायचा, फौजेची सवय."

जुना कसा, पेटी तर एक आहे? मग कळलं. पावसाळ्यात जुन्या पेटीला वाळवी लागली होती. पुठ्ठ्याचा भुगा झाला, आतल्या डब्या शाबूत होत्या. त्या साहेबांनी पुसल्या आणि नव्या पेटीच्या तळाशी रचल्या. कंपनी तीच, डबीचा रंग तोच. लॉटचा नंबर डबीच्या झाकणाच्या आतल्या दुमडीवर असतो, बारीक. मी पेटीवरचा वाचला होता, दुमडी उघडून पाहिली नव्हती. गावातली मुलं स्वतःची काडतुसं आणत, त्यामुळे तळाच्या त्या डब्या फक्त एकीच्या वाट्याला येत होत्या.

दोन्ही डब्या मी तासभर टेबलावर शेजारी ठेवल्या, दोघींना सारखीच हवा लागावी म्हणून. रायफल आवळली. काडतूस बदललं की पहिल्या काही गोळ्या मोजायच्या नसतात, गोळीवर मेणाचा पातळ थर असतो आणि नळीला नव्या मेणाची सवय व्हावी लागते. त्या झाडल्या. मग दहा वरच्या, दहा तळाच्या. पुन्हा दहा वरच्या, पुन्हा दहा तळाच्या, म्हणजे रायफलच बिघडली असं कोणी म्हणू नये. वरच्या दोन्ही वेळा बटणाखाली. तळाच्यांचा वेग एकीचा कमी, दुसरीचा जास्त, आणि कागदावर भोकांची उभी रांग. गोळी मंद गेली की खाली लागते, वेगाने गेली की वर. शिकंजा काही श्वास घेत नाही.

लॉटच तसा होता, की आमच्या खाऱ्या हवेत तो उतरला होता, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. मोजलं तेवढं सांगते.

मी दोन्ही कागद साहेबांपुढे ठेवले आणि गुरुवारच्या अहवालावर त्यांच्यादेखत काट मारली. "माझी चूक झाली," मी म्हणाले. साहेबांनी उभ्या रांगेचा कागद जवळ ओढला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तुमची अर्धी," ते म्हणाले. "अर्धी माझी."

रविवारी ती आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि सोबत कधी नव्हे ते वडील आले होते, बहुतेक परत न्यायला. साहेबांनी वरच्या लॉटची डबी स्वतः नेऊन तिच्या टेबलावर ठेवली. मुलांपुढे चूक कबूल करायची त्यांना सवय नव्हती. ते तिच्या वडिलांकडे वळून म्हणाले, "पोरीचा श्वास चांगला आहे. आमचा दारूगोळा खराब होता." मग तिला म्हणाले, "चहा पिऊन ये आधी."

तिने चहा घेतला आणि रायफल घेऊन चटईवर पालथी झाली. पहिल्या पाच गोळ्यांपर्यंत मी दुर्बिणीला डोळा लावला नाही. सहाव्याला लावला. एकच भोक दिसत होतं, कडा जरा फाटलेलं. सरळ उभी राहिले तर तिचे वडील मला विचारत होते, बाकीच्या कुठे गेल्या? मी सांगितलं, त्यातूनच गेल्या.

तळाच्या डब्या वेगळ्या करून त्यांच्यावर लाल रेघ मारली. आता रेंजवर कुठलीही पेटी आली की आधी रिकामी होते. प्रत्येक डबीची दुमडी उघडून नंबर लिहिला जातो आणि वर, मध्ये, तळ अशा तिन्ही ठिकाणची काडतुसं शिकंज्यातून जातात. साहेब त्याला आईची पद्धत म्हणतात. माझी नव्हे, माझ्या आईची. एकदा ते तिला रेंज दाखवायला घेऊन आले, तर तिने आधी तिची जुनी जागा शोधली आणि तिथे वेग मोजायचं यंत्र आहे हे पाहून बरं झालं म्हणाली.

वरोरची मुलगी राज्यस्पर्धेला गेली. मी तपासून सही केलेल्या लॉटवर ती खेळली आणि चौथी आली.