आईचा वाक्यात उपयोग

सरांनी फळ्यावर शब्द लिहिला. ग्रेटफुल. शेजारी अर्थ लिहिला, कृतज्ञ. मग खडू माझ्याकडं रोखला. "ऊठ. आता वाक्य."

मला वाटलं, वाक्य मी करायचंय. पण सर स्वतःच लिहायला लागले. 'हर मदर क्लीन्स अवर टॉयलेट्स. शी इज ग्रेटफुल टू अस.'

"मराठीत सांग. कुणाची आई?"

साठ पोरंपोरी. पुढच्या बाकांवरची वळून बघत होती.

"माझी, सर."

"काय करते?"

"संडास धुते."

"आणि आपल्याविषयी तिला काय वाटतं?"

शब्द फळ्यावरच होता. तोंडातून निघेना. शेवटी निघाला. सर खूश झाले. डोळ्यांसमोर माणूस असला की शब्द विसरत नाही, म्हणाले. सगळ्यांना ते वाक्य पाच वेळा लिहायला लावलं. मीही लिहिलं. सुवाच्य अक्षरात.

राजारामपुरीतला क्लास. माझं दहावीचं वर्ष. आई तिथले जिने झाडायची, संडास धुवायची, म्हणून मला फी माफ होती. सरांनी कधी जात विचारली नाही. आमच्या गल्लीचं नाव सांगितलं की कुणालाच विचारावी लागत नाही.

शनिवारी शब्दांचा तास असायचा. वीस शब्द, त्यांचे अर्थ, त्यांची वाक्यं. मला तो तास आवडायचा, हेही सांगितलं पाहिजे. भांडी घासताना मी शब्द पुटपुटत बसायचे. आईला ते ऐकायला आवडायचं. त्या दिवशीही म्हणाली, वाचून दाखव. मी वाचलं. तिला त्यातलं फक्त मदर कळलं.

"माझ्यावर हाय व्हय?" म्हणाली, आणि हसली.

मी व्हय म्हटलं. आणखी काय म्हणणार?

महिन्याभरानं पालकांचा मेळावा झाला. शब्दांच्या चाचणीत मी पहिली आले होते, म्हणून सरांनी मला पुढं बोलावलं. आई मागं दाराशी उभी. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी उभी. सर पालकांना म्हणाले, बघा, कुठली मुलगी कुठं आणली. मग मला म्हणाले, "ग्रेटफुल. वाक्य सांग."

वाक्य पाठ होतं. जिभेवर आलंही. आई कौतुकानं बघत होती.

"माय मदर क्लीन्स युअर टॉयलेट्स," मी म्हटलं. "शी इज टायर्ड."

"शब्द चुकला."

"नाही सर. ती दमते."

हे मराठीत म्हटलं. तिला कळावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी आईला खालच्या जिन्यातच थांबवलं. निरोप मिळाला की पोरीनं सगळ्या वर्गासमोर माफी मागावी, मग दोघींनी यावं. आई घरी आली. एक शब्द बोल, म्हणाली, काय जातंय तुझं? तिनं माझ्यापुढं हात जोडले. माझ्या आईनं. तेव्हा मी तिला त्या वाक्याचा अर्थ सांगितला. सगळा.

तिनं ऐकून घेतलं.

"मग? खरंच हाय की," ती म्हणाली. "धुतो की आपण. दुसरं काम कोण देतंय मला?"



मी माफी मागितली नाही. दहावी घरी बसून केली, कशीबशी पास झाले. आईला पुढं एका दवाखान्यात काम मिळालं. दोन बस बदलून जायची, तीन मजले पुसायची. आता तिला सरळ उभं राहता येत नाही. क्लासनं शब्दांचं पुस्तक छापलंय, त्यात ते वाक्य तसंच आहे. मी दोन पत्रं लिहिली. कुणी उत्तर दिलं नाही. दरवर्षी नवी पोरं ते पाठ करतात, आणि मला ते थांबवता येत नाही.

आई अजून मधूनच म्हणते, त्या दिवशी माफीचा एक शब्द बोलली असतीस तर माझी कंबर तरी राहिली असती. ती खोटं बोलत नाही. तिची कंबर गेली त्यात माझाही हात आहे, आणि तो मी दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही.

तरी माफी मागणार नाही. आईनं सांगितलं तरी नाही.