जुनं रद्द, नवं चालू

श्यामसुंदर करंदीकरांची सारी नोकरी मिळकतकराच्या कचेरीत, नावं बदलण्याच्या टेबलावर गेली. वडील गेले की घर मुलाच्या नावावर, नवरा गेला की बायकोच्या. एक नियम त्यांनी कधी मोडला नाही: आधी जुनी नोंद रद्द, मगच नवी चालू. एका मिळकतीला दोन मालक दिसले की त्यांना जेवण जात नसे. वशिल्याची चिठ्ठी घेऊन कुणी आलं, तर ते म्हणत, "वा, अक्षर सुबक आहे. आता कागद आणा." अशा माणसाचा राग यावा, आणि तो पेठांमधल्या पुष्कळांना येतही असे.

सरोजिनीबाईंना मात्र नवऱ्याच्या या नियमांचं हसू येई. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून लॅपटॉपवर रेकॉर्ड करू लागल्या. खिडक्या लावून त्या वाचायला बसल्या की करंदीकर नेमकं स्वयंपाकघरात भांडं पाडत. मग भूगोलाच्या धड्यात मधेच आवाज चढे, "अहो, जरा हळू! मुलांना सह्याद्रीबरोबर तुमचं पातेलंही ऐकवू का?" संस्थेला पाठवताना बाई तेवढा भाग कापून टाकत. मूळ वाचन लॅपटॉपवरच राही.

गेल्या वर्षी बाई गेल्या. करंदीकरांनी बरेच दिवस लॅपटॉपला हात लावला नाही. मग एका सकाळी लावला, आणि त्यांना त्याचं वेडच लागलं. धडे त्यांना नको होते, बोलणी हवी होती. "अहो, कुकर बंद करा." "अहो, दारात कोण आहे बघा ना, मी वाचतेय." उभा जन्म ज्या हाकांना वैतागला, त्याच ऐकायला हा माणूस कान देऊन बसे आणि पुढ्यातला चहा निवून जाई.

पण लॅपटॉपही थकला होता. तापायचा, घरघरायचा, मधेच बंद पडायचा. एक दिवस तो कायमचा मिटेल आणि बाई दुसऱ्यांदा जातील, या धास्तीने करंदीकरांनी तपकीर गल्लीतल्या रविराजला फोन केला. रविराज राहणारा कात्रजचा. जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकायचा.

"तुमच्याकडून दुसरा घेतो म्हणतो. माझ्या लॅपटॉपबरोबर विंडोज आलेलं आहे, अस्सल, पावतीसकट. ते त्यावर जाईल ना?"

"या की काका घेऊन, बघू," रविराज गिऱ्हाइकांच्या गडबडीत म्हणाला.

करंदीकरांच्या लेखी विंडोज म्हणजे बटण दाबल्यावर दिसतं ते सगळंच: पडद्यावरचा बाईंचा फोटो, त्यांचे धडे, त्यांच्या हाका. कचेरीत नाही का, घर आहे तसंच राहतं आणि फक्त नाव बदलतं, तसंच हे असणार. लॅपटॉपबरोबर आलेले कागद त्यांनी भिंग घेऊन वाचले. हे एकाच संगणकावर वापरावे, असं तिथं इंग्रजीत छापलं होतं. त्यांना ते मनापासून पटलं. जुनं चालू ठेवून नवं मागायचं, हे त्यांच्या तत्त्वात बसेना.

त्याच आठवड्यात सोसायटीत जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू गोळा करणारी गाडी आली. करंदीकरांनी लॅपटॉपच्या तळाचं विंडोजचं लेबल जपून सोडवून घेतलं आणि लॅपटॉप गाडीवाल्याच्या हाती दिला. माहिती कुणाच्या हाती लागू नये म्हणून त्याने आतली डिस्क तिथेच फोडली. करंदीकरांची सही घेऊन तशी लेखी पोचही दिली. करंदीकरांना त्याचं फार कौतुक वाटलं. असं चोख काम हल्ली कोण करतं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेबल आणि पोच रविराजपुढे ठेवली.

"आन् लॅपटॉप कुठाय काका?"

"रद्द केला. ही पोच. आता विंडोज चढवा."

रविराजने पोच वाचली आणि खुर्ची पुढे सरकवली. "बसा काका. मशीनसंगं आलेलं विंडोज त्याच मशीनचं असतंय. ते दुसरीकडं जात नाय. मशीन गेलं की त्याचं लायसन बी गेलं."

"जात नाही म्हणजे? पैसे मोजलेत मी."

"नियमच तसा हाय. आन् त्याची गरज बी नव्हती. या लॅपटॉपात त्याचं त्याचं विंडोज हाय." त्याने पोच पुन्हा उचलली. "आतलं काय पायजे होतं का? फायली डिस्कमधी असत्यात. जुना नुसता घेऊन आला असता, तर पाच मिनिटांत काढून दिल्या असत्या."

करंदीकर त्या पोचीकडे बघत राहिले. खाली त्यांचीच सही होती, वळणदार, रोजच्यासारखी. आपण आपल्या हाताने बाईंना पुसलं, एवढंच त्यांना कळत होतं. तोंडून निघाली ती जन्माची सवय.

"मग यावर अर्ज कुणाकडे करायचा?"

रविराजने चहा मागवला.

पुढे संस्थेने बाईंचे धडे पेन ड्राइव्हवर दिले. करंदीकरांनी नव्या लॅपटॉपवर भूगोल लावला. आवाज बाईंचाच होता, स्वच्छ, संथ, मुलांना समजेल असा. पातेलं पडलं होतं ती जागा जवळ आली तसे ते पुढे सरकून बसले. ती जागा आली आणि गेली. बाईंनी इतकं सफाईने कापलं होतं की कुठे सांधा दिसेना. सगळ्या धड्यांत मिळून त्यांच्यासाठी एक अक्षरही उरलं नव्हतं.

धडा त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावला. खिडक्या लावून घेतल्या. स्वयंपाकघरात गेले, फळीवरचं पातेलं उचललं आणि फरशीवर टाकलं. मग दाराशी येऊन उभे राहिले.

बाई वाचतच राहिल्या.