कापडाच्या भिंतींचं घर

घरं बांधणाऱ्या एका संस्थेच्या ताईंनी आमच्या वस्तीत पहिली सभा घेतली तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे वस्तीत कुणाला काही छापील कागद आला की तो माझ्या हातात यायचा, आणि मी वाचून दाखवेपर्यंत माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची. त्यातलं सगळं मला कळायचं असं नाही. पण कळत नाही असं म्हणायची सोय नव्हती.

पनवेलला गाढी नदीच्या बाजूला आमची पत्र्याची घरं होती. निम्मी बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या आम्हा बुरुडांची. उरलेल्यांत काही कोकणी मुसलमानांची, काही कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाली करणाऱ्यांची. मोठ्या पावसात नदी दारात यायची आणि आम्ही सामान उचलून शाळेत जायचो. त्याची सवय होती. नवीन भीती वेगळीच होती. विमानतळ येणार अशी बोलणी सुरू झाली, जागांचे भाव वाढले, आणि आजवर कुणी ढुंकून न पाहिलेल्या आमच्या वस्तीकडे माणसं गाडीतून उतरून बघायला लागली. आपल्याला इथून उठवणार, एवढंच सगळ्यांच्या तोंडी होतं.

तशात ही संस्था आली. ती फायद्यासाठी बांधत नाही, याच जागेवर इमारत उभी करून आम्हालाच परवडेल अशा हप्त्यांनी घरं देईल, असं ताईंनी सांगितलं. एक अट सरकारी होती. वस्तीतल्या प्रत्येक घराची संमती हवी. एक जरी घर अडून बसलं तरी जागा हातची जाणार, आणि मग आम्हाला कुठे नेऊन टाकतील ते कुणी सांगू शकत नव्हतं. ही अट लोकांना वाचून दाखवली तेव्हा माझाच आवाज बारीक झाला होता.

ताईंनी मला मदतीला घेतलं. घरोघर जायचं, नकाशा समजावायचा. पण नकाशातून कुणाला घर दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही दिसत नव्हतं. संस्थेची त्यावर एक पद्धत होती. इमारतीतलं एक घर आधी मैदानात खऱ्या मापाचं उभं करायचं, बांबूचं आणि कापडाचं. लोकांनी त्यात जाऊन बसायचं, झोपून बघायचं, भांडी मांडून बघायची, आणि मग हो की नाही ते सांगायचं.

बांबू बांधायला आमच्याहून चांगलं कोण मिळणार? बाबांनी आणि आमच्या लोकांनी सांगाडा बांधला. भिंतींना जुन्या साड्या आणि मांडववाल्याकडचं कापड लावलं. आधी जमिनीवर नुसत्या फक्कीच्या रेघा होत्या तेव्हा बायका म्हणत होत्या, एवढ्याशा जागेत राहायचं तरी कसं? पण कापड चढलं आणि तेच घर मोठं वाटायला लागलं. शेजारची खाला मोरीत उभी राहिली, पडदा ओढून घेतला आणि बराच वेळ बाहेरच येईना. आतून म्हणाली, "दरवाजावाली मोरी. मला इथंच राहू द्या."

आई कामच घेऊन आली. बांबूचे दोन लांब कळक, कोयता आणि अर्धवट विणलेली टोपली. बाहेरच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसली आणि कळक फोडायला लागली. थोड्या वेळाने मान वर करून म्हणाली, "जमतंय की."

आमच्या बायकांसाठी आईचा शब्द शेवटचा होता. तिला जमतंय म्हणजे सगळ्यांना जमतंय. दुपारपर्यंत बुरुडांची बहुतेक घरं हो म्हणून गेली, आणि ताई माझ्याकडे बघून हसल्या.

मी त्या वेळी एका काकूंना भिंती समजावत होते. ही शेजारच्या घराकडची, ही जिन्याकडची, ही बाहेरची, पक्की विटांची. बाहेरच्या भिंतीकडे बोट केलं आणि माझं बोट तिथेच राहिलं. त्या भिंतीच्या कापडाखालून आईचा कळक बाहेर आला होता. त्याचा शेंडा पार मैदानात गेला होता, आणि जाणारी-येणारी माणसं तो ओलांडून चालली होती.

कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. कारण बुरूड बसतो तो असाच. बुडखा पायाशी, शेंडा दारातून बाहेर गल्लीत. आमच्या गल्लीतली पोरं चालायला शिकायची तीच कळक ओलांडत. बाबांनीही सांगाडा बांधताना सवयीनं कापड खालून मोकळं सोडलं होतं. पण आमचं घर तिसऱ्या मजल्यावर येणार होतं. तिथे विटांची भिंत असणार होती आणि भिंतीपलीकडे काहीच नसणार होतं.

हे सांगावं की नाही, ते मला ठरवता येईना. सांगितलं तर आमची घरं मागे सरणार, संमती अडणार, आणि सगळ्या वस्तीची जागा जाणार. नाही सांगितलं तर आई हसतमुखानं हो म्हणणार, वर राहायला जाणार, आणि पहिल्याच दिवशी कळक घेऊन त्या भिंतीसमोर उभी राहणार. कॉलेजात तासाला बसले तरी डोळ्यांसमोर तो शेंडाच यायचा. कदाचित मलाच समजायला चुकलं असेल, असं म्हणून मी नकाशा पुन्हापुन्हा बघायचे. चुकलं नव्हतं.

शेवटी आईलाच सांगितलं. ती दारात विणत बसली होती.

"आई, ती बाहेरची भिंत पक्की असणार आहे."

"मग?"

"मग कळक कुठून जाणार?"

तिचा हात थांबला. म्हणाली, "तू ताईंना विचारलंस?"

"नाही."

"का नाय?"

"घर जाईल असं वाटलं."

"आणि मला सांगताना नाय वाटलं?"

ती पुन्हा विणायला लागली, पण तिची कामटी, फोडलेल्या बांबूची पट्टी, चुकली. तिनं ती काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. आईची कामटी चुकलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती मैदानात गेली आणि बाबांना म्हणाली, ते कापड खालपर्यंत ताणून बांधा. मग ताईंना विचारलं, यात जिना कुठे आहे? जिना नव्हता. घर तिसऱ्या मजल्यावरचं, पण उभं जमिनीवर. जिना कुणाच्याच लक्षात आला नव्हता, ताईंच्याही नाही आणि आमच्याही नाही. ताईंनी नकाशा बघून फक्कीनं जिना आखला, मधलं वळण आखलं. आईनं एक कळक खांद्यावर घेतला आणि त्या रेघांमधून चालायला लागली. वळणावर शेंडा रेघेबाहेर गेला. ती मागे आली, उभा धरून बघितला, आडवा धरून बघितला. जमलं नाही.

पोरं हसायला लागली. हमाली करणारा एक शेजारी होता, त्याला कुठेही गप्प बसवत नसे. तो म्हणाला, "मामी, आधी मामांना वळवून बघा. ते तरी वळतात का?"

सगळे हसले. आईसुद्धा किंचित हसली. मग खाला म्हणाली, "हसता कशाला? तिचं पोट अडकलंय तिथं."

त्यानंतर कुणी हसलं नाही. ताईंनी इंजिनिअरशी बोलून सांगते असं म्हटलं. आमच्या बायकांनी दिलेला होकार मागे घेतला. आई कुणालाही काही बोलली नव्हती, त्यांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं.

मग जे दिवस गेले ते मला अजून नको वाटतात. लोक आमच्या दारात यायचे. आधी समजावायला, मग वैतागून. तुमच्या टोपल्यांपायी आम्ही नदीत राहायचं का, असं एकजण म्हणून गेला. टोपल्या आता प्लॅस्टिकच्याच घेतात, असं दुसरा म्हणाला. एकदा सकाळी गल्लीत वाळत टाकलेल्या कामट्या मोडलेल्या सापडल्या. कुणाचा चुकून पाय पडला की मुद्दाम मोडल्या, ते कळलं नाही. बाबांनी त्या गोळा केल्या आणि चुलीत घातल्या.

पण मला सगळ्यांत जास्त भीती एका वेगळ्याच बोलण्याची वाटायची, कारण ते प्रेमानं बोललेलं असायचं. तुमची मुलगी शिकतेय, लागेल नोकरीला, अजून किती दिवस बांबू फोडणार? असं म्हणून बायका माझ्याकडे बघायच्या. माझं शिक्षण आईच्या समोर आणून ठेवायच्या. मी तेव्हा अकाऊंट्सच्या पेपरात कशीबशी पास होत होते. इंग्रजी बोलायची वेळ आली की मी मैत्रिणीला पुढे करायचे. माझ्या नोकरीच्या भरवशावर आईनं कोयता खाली ठेवायचा, हा विचारच मला नको व्हायचा. तरी मी हो म्हणून मान हलवायचे.

पुढची सभा त्या कापडाच्या घरासमोरच भरली. इंजिनिअरनं सांगितलं की जिना मोठा करता येत नाही, आणि तळमजल्यावर खोलीही देता येत नाही, कारण ती जागा आधीच अपंग आणि वयस्कर माणसांच्या घरांना गेली आहे. मात्र इमारतीच्या मागच्या बाजूला नियमाप्रमाणे एक लांब पट्टा मोकळा सोडावा लागणार आहे. त्यावर छप्पर बांधता येणार नाही. पण सगळ्यांची तयारी असेल तर बुरुडांनी तिथे बसायला हरकत नाही. मग तिथे गाड्या लावता येणार नाहीत. निम्म्याहून जास्त घरांनी हात वर केला तर ते ठरावात लिहू, असं ताई म्हणाल्या.

कुजबुज सुरू झाली. तोच हमाल शेजारी उठला. आता त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "फ्लॅटमध्ये जायचं आणि खिडकीतून खाली बघायचं तर परत हाच कचरा?" मग तो माझ्याकडे वळला. "तू शिकलेली आहेस. तूच सांग. आईनं अजून किती दिवस हे करायचं?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी ताईंकडे बघितलं. ताई खाली बघत होत्या. मी संस्थेची होते आणि आईचीही होते, आणि माझ्याकडून दोन्हीकडचं एकदम बोलणं होणार नव्हतं हे त्यांना कळत असावं. मी उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"मला नोकरी लागेल की नाही, मला माहीत नाही," मी म्हणाले. "सगळे म्हणतात लागेल. मला खरंच माहीत नाही. आणि लागली तरी… आईचं काम आईचं आहे. ते बंद करायचं का, हे मला विचारू नका."

एवढंच बोलले आणि खाली बसले. चुकीचं बोलले असंच वाटत होतं. आईनं माझ्याकडे बघितलं नाही.

खाला आईला म्हणाली, "वर छप्पर नाय म्हणतायत. पावसात काय करशील?"

"ताडपत्री बांधीन," आई म्हणाली. "आता काय करते?"

संस्थेचा नियम होता की घरामागे एक हात, आणि तो बाईचा. पहिला हात खालाचा वर गेला. मग आमच्या बायकांचे. मग बराच वेळ कुणाचाच नाही. मी मोजत होते आणि मोजायचं नव्हतंही. हमाल शेजाऱ्याची बायको पदराशी चाळा करत बसली होती. तिनं नवऱ्याकडे न बघता, मान दुसरीकडे करून, हात वर केला. तिच्यामागून आणखी हात आले, आणि ताईंनी ठराव लिहून घेतला.

मग राहिलेल्या घरांच्या संमतीचं विचारलं. बुरुडांची घरं एकेक करून हो म्हणाली. आईचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला. मला रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं की सुटल्याचं, ते मला आजही सांगता येत नाही.

इमारत व्हायला वर्षं लागली. नोकरीही लागली, पण उशिरा, आणि पहिली दोन वर्षं कधीही जाईल अशी. त्या दिवसांत घर चाललं ते त्या मागच्या पट्ट्यावर. आई सकाळी खाली उतरते, कळक खालीच फोडते, आणि कामट्यांची वेटोळी करून वर आणते. खिडकीतून मला कोयत्याचा आवाज येतो.

पण ठराव झाला म्हणजे संपलं, असं नव्हतं. दरवर्षी सोसायटीच्या सभेत कुणीतरी विषय काढतं. तिथे फरशीचे ब्लॉक बसवू, गाड्या लावू. खाला आता तिच्या मुलीकडे उरणला राहते. काही घरं विकली गेली. नव्या लोकांनी ना नदी दारात आलेली बघितली, ना ते कापडाचं घर. दरवर्षी आमच्या बाजूचे हात कमी होताना दिसतात. आई विचारत नाही. मीही तिला सांगत नाही, पण सभेच्या आधी सगळे मजले फिरून येते.

यंदाची सभा रविवारी आहे. चौथ्या मजल्यावर नवीन कुटुंब आलंय, नवरा-बायको आणि लहान मूल. दाराबाहेर स्कूटरची नवी कोरी हेल्मेटं टांगलेली दिसतात. मी बेल दाबली आहे. आतून बाईचा आवाज येतो, आले आले. खाली आईनं नवीन कळक फोडायला घेतलाय, तो आवाज जिन्यातून वर येतोय, आतल्या बाईलाही नक्की ऐकू येत असणार. कडी निघते, आणि तिला काय सांगायचं म्हणून मी पाठ केलं होतं, त्यातलं पहिलं वाक्य मला आठवत नाही.