जावयाला बदडणारा माणूस

आमच्या जावयाची नोकरी बर्फावर मार खाण्याची आहे.

ट्रेव्हर व्यावसायिक आइस हॉकी खेळतो. मोठ्या लीगमध्ये नाही, तिच्या खालच्या. सहा वर्षांत सात टीम! मी कॅनडात, विनिपेगला एकाच ऑफिसात सोळा वर्षं काढलेला इंजिनिअर; माझ्या मुलीनं नवे पडदे लावले की याची उचलबांगडी, हे बघून माझं पित्त खवळायचं. ("बदली नाही बाबा, ट्रेड झालाय," मानसी समजवायची. ट्रेड काय, गुरं आहेत का?)

२००८च्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी त्याची टीम आमच्या गावात खेळायला आली. बायकोनं, सुनंदानं, मला ढकलत मॅचला पाठवलं. ती स्वयंपाकाला थांबली. संध्याकाळी ट्रेव्हर एका मित्राला घेऊन जेवायला येणार होता.

दहाव्या मिनिटाला आमच्या गावच्या टीममधल्या एका दाढीवाल्या राक्षसानं हातमोजे फेकले, ट्रेव्हरची जर्सी धरली आणि ठोसे घालायला सुरुवात केली. पंच बाजूला उभे! लोक टाळ्या वाजवतायत! माझं डोकंच फिरलं. जावई कसाही असो, त्याला बोलायचा हक्क फक्त माझा होता. शिक्षा म्हणून राक्षसाला काचेमागच्या बाकावर बसवलं, तसा मी धावत खाली गेलो आणि काचेवर मुठी आपटत मराठीतून त्याच्या खानदानाचा उद्धार केला. (इंग्रजीत मला इतक्या वेगानं रागावता येत नाही.) तो पाणी पीत शांतपणे बघत राहिला. मला मात्र सिक्युरिटीनं दंडाला धरून बाहेर काढलं. बाहेर उणे सव्वीस, आणि माझं जॅकेट आत खुर्चीवर! ते मिळेपर्यंत मिशीवर बर्फ जमला.

घरी आलो तो धुमसत. सहाला बेल वाजली. दारात ट्रेव्हर, डोळा काळानिळा. त्याच्या मागे, वाकून बूट काढत असलेला, मघाचाच तो राक्षस.

"हा डग," ट्रेव्हर म्हणाला. "आधीच्या दोन टीममध्ये आम्ही बरोबर होतो."

मग कळलं ते असं, की डगला टीममध्ये ठेवलेलंच मुळी मारामारीसाठी, आणि गेल्या चार मॅच त्याला बाहेर बसवलं होतं. आज कोचच्या डोळ्यांत भरला नाही तर नोकरी जाणार. म्हणून मॅचआधी त्यानं ट्रेव्हरला विचारलं, मारामारी करशील का? आणि हा शहाणा हो म्हणाला!

"मार खायला हो म्हणालास?" मी विचारलं.

"उद्या माझ्यावर वेळ आली तर तोही म्हणेल."

यावर मला रागावायला काही सुचेना, त्याचाच जास्त राग आला. डगनं वरणभात तीनदा घेतला. सुनंदानं मॅच कशी झाली विचारलं, तर म्हणतो, "तुमचे मिस्टर फार प्रेमळ आहेत. एवढ्या गर्दीतून फक्त तेच मला भेटायला खाली आले."

तीन आठवड्यांनी डगला काढलंच. मी तडक टीमच्या ऑफिसात फोन लावला आणि तिथल्या बाईंना पंधरा मिनिटं फैलावर घेतलं. त्यांनी सगळं ऐकून विचारलं, "सर, आपण डगचे कोण?"

रागाच्या भरात तोंडाला येईल ते बोलून गेलो: "सासरा!"

मानसीला हे अजून सांगितलेलं नाही.